पहिल्यांदाच लेट्यूस लावताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गच्चीवर लेट्यूस लावायला लागून मला बरेच हिवाळे झाले. दर वर्षी दिवाळीच्या आसपास ओळखीतलं कुणीतरी बियांचं पाकीट आणतं आणि पुढचे तीन महिने मला फोटो येत राहतात. न उगवलेली कुंडी, आडवी पडलेली रोपं, कडू झालेली पानं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. कुंडीत मेथी-पालक घेणाऱ्या माणसाला लेट्यूस अजिबात जड नाही. फक्त हे पीक थंडीचं आहे, हे मनात पक्कं ठेवा. निम्म्याहून जास्त अडचणी तिथूनच सुरू होतात.

पेरायचं कधी?

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात ऑक्टोबरची उष्णता ओसरली की, म्हणजे साधारण दिवाळीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. लेट्यूसला दिवसा वीस-पंचवीस अंश आणि रात्री दहा-पंधरा अंश सेल्सिअस मानवतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-३० वर जातो, पण रात्री गार असतात, त्यामुळे रोप सावरून घेतं.

मुंबई, ठाणे आणि कोकण किनाऱ्यावर रात्रीही फारशी थंडी पडत नाही. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी पेरा, फक्त सुट्या पानांच्या जाती घ्या आणि पानं कोवळी असतानाच खा. विदर्भात थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारीत ऊन झपाट्याने चढतं, म्हणून तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी पडलेलं बरं. महाबळेश्वर-पाचगणीकरांना आम्हा बाकीच्यांपेक्षा मोठा हंगाम मिळतो.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पहिला प्रयोग करू नका. शेडनेट, पॉलिहाउस वापरून लोक वर्षभर घेतात हे खरं, पण ते पुढचं काम आहे.

जात कोणती घ्यावी?

पहिल्या वर्षी सुट्या पानांची. ग्रँड रॅपिड्स, लोलो रोसो, लोलो बियोंडा, ओक लीफ. रोमेनही जमतं. बर्गरमध्ये असतं ते करकरीत आइसबर्ग सगळ्यांना हवं असतं, पण ते शेवटी लावावं. कारण पुढे गड्ड्याच्या प्रश्नात सांगितलंय.

आठ दिवस झाले, बी उगवलंच नाही. बी खराब निघालं का?

असू शकतं, पण आधी दुसरी कारणं तपासा. नीट जमलं तर लेट्यूस चौथ्या-पाचव्या दिवशी वर येतं. दहा दिवसांत काहीच दिसलं नाही तर पुढे येण्याची आशा कमी.

पहिलं कारण उष्णता. भिजलेल्या लेट्यूसच्या बियाला २८-३० अंशांपेक्षा जास्त तापमान लागलं की ते उगवायचं थांबतं. मरत नाही, निजून राहतं. ऑक्टोबरात सिमेंटच्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकचा ट्रे ठेवला तर दुपारी आतली माती याच्या कितीतरी वर तापते. आपल्याला वाटतं बी फसवं निघालं, आणि बियाला वाटतं उन्हाळा आहे. म्हणून पेरणी संध्याकाळी करा, म्हणजे भिजल्यानंतरचे पहिले तास रात्रीच्या गारव्यात जातील, आणि ट्रे घरात थंड जागी ठेवा. आमच्याकडे ही जागा म्हणजे माठाच्या तिवईखाली. माठ झिरपतो, फरशी गार असते, ट्रेही सुकत नाही. कोंब दिसले की मात्र त्याच दिवशी उजेडात आणायचे.

तरीही गरम होत असेल तर बी ओल्या कागदी रुमालात गुंडाळून, डबीत घालून एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग पेरा. फ्रीझरमध्ये नको.

दुसरं कारण खोली. मेथी-धण्याच्या सवयीने आपण बोटभर माती लोटतो. लेट्यूसचं बी इतकं हलकं असतं की एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बिया बसतात. एवढ्याशा बियात खोलातून वर यायची ताकद नसते. शिवाय बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. १९५२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी याच ग्रँड रॅपिड्स लेट्यूसच्या बियांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाल प्रकाश दाखवला की बी उगवायचं, त्यामागोमाग दृश्य लालाच्या पलीकडचा अतिलाल प्रकाश दाखवला की थांबायचं. कितीही वेळा आलटून-पालटून दाखवा, शेवटचा प्रकाश कोणता होता यावर सगळं ठरायचं. वनस्पतींमधल्या ज्या प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्याला आज फायटोक्रोम म्हणतात, त्याचा माग या लेट्यूसच्या बियांमुळे लागला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण कुंडीतलं साधं निरीक्षण आणि मोठं विज्ञान इथे एकाच बियात भेटतं. तर, बी ओल्या मातीवर भुरभुरा, बोटाने हलकं दाबा, वरून चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चिमूटभर, मीठ पेरल्यासारखं. बस. पाणी फवाऱ्याने द्या. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

तिसरं कारण जुनं बी. लेट्यूसचं बी आपल्या उष्ण-दमट हवेत उघड्यावर ठेवलं तर वर्ष-दीड वर्षात दम सोडतं. पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघूनच घ्या. शंका असेल तर दहा बिया ओल्या कागदावर ठेवून बघा. सहा-सात उगवल्या तर पेरा, दोनच उगवल्या तर दुसरं पाकीट आणा.

मुंग्या बी उचलून नेतात, हेही सांगून ठेवते. ट्रेचे पाय किंवा खालची वीट पाण्याच्या ताटलीत ठेवली की हा प्रश्न मिटतो.

रोपं लांबोडी, पांढरट झाली आणि आडवी पडली.

उजेड कमी पडला. खिडकीच्या आत दोन फुटांवर आपल्या डोळ्यांना भरपूर उजेड वाटतो, रोपाला तो पुरत नाही. कोंब आल्याबरोबर सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास मिळेल अशा जागी ट्रे हलवा. आधीच लांबलेली रोपं टाकून द्यायची गरज नाही. बाहेर लावताना पहिल्या दोन पानांच्या खालपर्यंतचा दांडा मातीत घ्या, मधला वाढीचा कोंब मात्र उघडा राहिला पाहिजे. काही वाचतील. पण नव्याने पेरलेली बहुतेक वेळा त्यांना मागे टाकतात.

काल ठीक होती, आज सकाळी रोपं बुंध्याशी काळपट होऊन कोलमडली.

हा रोपमर. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या मातीतल्या बुरशींमुळे होतो. भिजट माती, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा मिळाली की ट्रेच्या एका कोपऱ्यातून सुरू होऊन दोन दिवसांत सगळीकडे पसरतो. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. तो कोपरा मातीसकट काढून टाका, उरलेल्या ट्रेला एक दिवस पाणी देऊ नका आणि मोकळ्या हवेत ठेवा.

पुढच्या वेळी ट्रेमध्ये जुन्या कुंडीतली माती वापरू नका. धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत पुरे. पाणी सकाळी, ट्रेच्या खालच्या थाळीत ओतून द्या, माती ते वर ओढून घेते. रोपवाटिकेत ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर मिळते, ती पाकिटावरच्या प्रमाणात आधीच मिसळली तर फायदा होतो. रोग आल्यावर घालून उपयोग नाही.

एका जागी पंधरा-वीस रोपं आलीत. उपटायला जीव होत नाही.

उपटू नका, कात्रीने कापा आणि खा. ही इवली पानंसुद्धा लेट्यूसच आहेत. पण विरळणी केलीच पाहिजे. चार-पाच खरी पानं आली, म्हणजे पेरल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांनी, रोप मोठ्या कुंडीत हलवा. दोन रोपांत एक वीत अंतर सुट्या पानांच्या जातींना पुरतं, गड्ड्याच्या जातींना फूटभर हवं. हलवण्याचं काम उन्हं कलल्यावर करा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. पहिल्या दुपारी रोप मान टाकेल, घाबरून धो-धो पाणी घालू नका.

कुंडी केवढी आणि माती कशी?

सहा ते आठ इंच खोली बस्स होते. खोल ड्रमपेक्षा पसरट ट्रे, जुनी टोपली, फळांचा क्रेट चांगला. क्रेटला आतून जुनी साडी किंवा शेडनेटचा तुकडा लावा. मी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा घेते. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते.

कोकोपीटची वीट वापरत असाल तर भिजवून, पिळून दोन-तीनदा पाणी बदला. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि लेट्यूसला क्षार सोसत नाहीत. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांनाही हा त्रास होतो. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो, पानांच्या कडा करपतात, रोप खुरटं राहतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कुंडी खालून पाणी वाहीपर्यंत धुऊन काढा.

आमच्या गॅलरीत ऊन थोडंच येतं. चालेल?

चार-पाच तास सकाळचं ऊन असेल तर उत्तम चालेल. पालेभाजी आहे, टोमॅटोइतकं ऊन मागत नाही. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून जून महिन्यात उन्हावाचून राहणारी दक्षिणेची गॅलरीही डिसेंबरात कामाला येते. उत्तरेच्या गॅलरीत मला कधीच समाधानकारक पीक मिळालेलं नाही. पश्चिमेकडे फेब्रुवारीपासून आडपडदा करावा लागतो.

पाणी रोज घालायचं का?

बोट घालून बघायचं. वरचा एक पेर सुकला असेल तर घालायचं. लेट्यूसची मुळं उथळ असतात आणि पानात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब हे त्याला चालत नाही. गावाला जायचं असेल तर कुंड्या सावलीत एकत्र सरकवा आणि मातीवर उसाच्या चिपाडाचं किंवा वाळलेल्या पानांचं आच्छादन करा.

पानं कडू झाली. मधूनच एक उंच दांडाही निघालाय. काय चुकलं?

हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, पण गोष्ट एकच आहे. कांद्याला डेंगळे येतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. लेट्यूसचंही तेच. झाडाला वाटलं की आपले दिवस संपत आले, की ते पानं सोडून फुलाच्या मागे लागतं. मधला भाग उंचावतो, पानं अरुंद आणि टोकदार होतात, आणि तोडल्यावर पांढरा चीक ठिबकतो.

कडूपणा त्या चिकात असतो. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, ते लॅटिनमधल्या दूध या अर्थाच्या शब्दावरून आलं. लॅक्टुसिन नावाचं कडू द्रव्य या दुधात असतं. रानात पाथरी खुडली असेल तर हा चीक तुम्ही पाहिलेला आहे. पाथरी आणि लेट्यूस एकाच कुळातली, सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली, आणि दोघांची पिवळी फुलंही एकमेकांसारखीच. ज्या घरात पाथरीची कच्ची पानं भाकरीबरोबर खाल्ली जातात, तिथे थोड्या कडसर लेट्यूसबद्दल कुणी तक्रार करत नाही, असा माझा अनुभव आहे.

दांडा निघण्याची कारणं सांगायची तर उष्णता हे पहिलं. सलग काही दिवस दुपारी ३० अंशांच्या वर गेलं की सुरुवात होते. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो, लेट्यूसला तीही खूण पुरते. पाण्याची ओढ, लहान पडणारी कुंडी, क्षार, यांनी घाई आणखी वाढते. महाशिवरात्रीला थंडी शिव-शिव म्हणत जाते असं आपले लोक म्हणतात. लेट्यूसचा हिशेब त्याच सुमारास मिटवायचा. जानेवारीच्या शेवटी पेरून मार्चमध्ये गोड पानं मागितली तर ती मिळणार नाहीत.

दांडा शेंडा खुडून थांबत नाही, बाजूने फुटतो. अर्धा दांडा निघाला असेल तर सगळं झाड त्याच दिवशी कापा. पानं पहाटे तोडा, जाड मधली शीर काढून टाका आणि फ्रिजमध्ये गार करून खा. कडूपणा थोडा सुसह्य होतो. चिनी स्वयंपाकात लेट्यूस लसणावर परतून खातात, तसंही करून बघा. मोठ्या आचेवर मिनिटभरच.

फेब्रुवारीत हंगाम पंधरा-वीस दिवसांनी लांबवायचा असेल तर अकरानंतरच्या उन्हाला पन्नास टक्क्यांचं हिरवं शेडनेट किंवा जुनी सुती साडी बांधा. आणि एकदाच सगळं पाकीट पेरण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी चिमूट-चिमूट पेरत जा. एक खेप वाया गेली तरी दुसरी हातात असते.

आइसबर्गचा गड्डा धरतच नाही, नुसती पसरट पानं येतात.

गड्ड्यासाठी पेरल्यापासून सत्तर ते पंच्याऐंशी दिवस लागतात आणि त्यातले शेवटचे दिवस चांगले गार जावे लागतात. पुण्यात तेवढी थंडी सलग टिकेल याची खात्री नसते. गॅलरीत ऊन कमी असेल, रोपं दाट असतील किंवा नत्र (नायट्रोजन) जास्त झालं असेल तरी गड्डा सैल राहतो. पानं पसरट असली तरी खायला तीच आहेत. वाट बघत बसू नका, बाहेरची काढून खात राहा. गड्ड्याची फारच हौस असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तयार रोप आणून लावा, म्हणजे कडाक्याचा काळ गड्ड्याच्या वाट्याला येईल.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुजतात.

कॅल्शियम कमी पडलंय असं वाचून लोक अंड्याची टरफलं घालतात. त्याने या हंगामात काही होत नाही. दख्खनच्या मातीत कॅल्शियमची वाण सहसा नसते, वाण असते ती ते पानापर्यंत पोचण्याची. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि ज्या पानातून पाणी उडतं तिकडे जातं. आतल्या मिटलेल्या पानांतून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे ती उपाशी राहतात. रोप भरभर वाढत असेल, हवा कोंडलेली असेल आणि पाणी कमी-जास्त होत असेल तर हे हमखास दिसतं. पाणी नियमित करा, रोपांत अंतर वाढवा, नत्राचं खत थांबवा. खराब झालेला भाग काढून बाकीचं खाता येतं.

पानं पिवळी पडताहेत.

खालची एक-दोन म्हातारी पानं पिवळी होतातच, काढून टाका. खालून वर पिवळेपणा चढत असेल तर एक तर नत्र कमी आहे, नाही तर मुळं पाण्यात बसली आहेत. कुंडी उचलून बघा. जड आणि गार लागली तर पाणी थांबवा, हलकी लागली तर मूठभर गांडूळखत द्या. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात असं होतं, तेव्हा मिश्रणात कंपोस्ट वाढवा.

लोलो रोसो लावलं, पण लाल झालंच नाही.

ऊन आणि गारवा दोन्ही मिळाले की लाली चढते. सावलीतलं पान हिरवं राहतं. चवीत कमीपणा नाही.

पानामागे हिरवे-काळे बारीक किडे चिकटलेत.

मावा. लेट्यूसवर तो येणारच, विशेषतः जानेवारीत ढगाळ हवा झाली की. रोज सकाळी एकदा पान उलटून बघायची सवय लावा. सुरुवातीला असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो. दोन-तीन दिवस रोज करा. फार झाला असेल ते पान तोडून टाका. लाल-नारिंगी ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. मुंग्यांची रांग दिसली तर तीही तोडा, त्या माव्याच्या गोड चिकट द्रवासाठी त्याची राखण करतात.

निंबोळी तेल विचाराल तर, कोवळ्या रोपांवर ठीक. पण जे पान आठवड्यात कच्चं खायचंय त्यावर मी फवारत नाही. कडवट वास धुऊनही जात नाही. रासायनिक औषध घरच्या कच्च्या भाजीवर मुळीच नको.

पानात पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत.

नागअळी. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून खाते, म्हणून वरून काही मारून फायदा नाही. रेघ दिसेल ते पान तोडून घराबाहेर टाका. पिवळे चिकट सापळे लावले तर तिची माशी कमी होते.

रात्रीतून पानं गायब होतात. कोण खातं?

खुणा बघा. चमकदार सुकलेली रेघ असेल तर गोगलगाय. भोकं आणि हिरव्या-काळ्या लेंड्या असतील तर अळी. ती दिवसा पानाखाली किंवा मातीत दडते, रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन गेलात तर सापडते. कडा चोचीने ओरबाडल्यासारख्या असतील तर बुलबुल किंवा चिमण्या. रोपच बुंध्यापासून तोडून नेलं असेल तर उंदीर.

पक्ष्यांसाठी जाळी, तीही रोपाला टेकणार नाही अशी. गोगलगाईंसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये ठेवा आणि पहाटे त्याखाली जमलेल्या उचला. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचं मोठं नुकसान केलं, तेव्हा शेतकऱ्यांनाही हा उपाय सांगितला जात होता. गोगलगाय उघड्या हाताने उचलू नका, चिमटा किंवा पिशवी घ्या. जिथून ती सरपटली ते पान कच्चं खाऊ नका.

जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रव खत), शेणखत, गोमूत्र घालू का? सेंद्रियच तर आहे.

या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त वेळ देते. आपण पालक-मेथी शिजवतो. लेट्यूस शिजवत नाही. ताज्या शेणात आजार करणारे जंतू असू शकतात आणि ते कुरळ्या पानाच्या घड्यांमध्ये अडकले तर धुऊन सगळे निघत नाहीत. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या नियमात, मातीला लागून वाढणाऱ्या खाद्य भागासाठी कच्चं शेण घातल्यापासून तोडणीपर्यंत किमान १२० दिवसांचं अंतर बंधनकारक आहे. आपलं लेट्यूस पन्नास दिवसांत तयार होतं. म्हणजे ताज्या शेणाला या कुंडीत जागाच नाही.

पूर्ण कुजलेलं, काळं, मातीचा वास येणारं शेणखत किंवा गांडूळखत लावणीआधी मिसळा. जीवामृत फळझाडांना, शिजवायच्या भाज्यांना जरूर द्या. लेट्यूसच्या पानांवर फवारू नका. मी त्या कुंड्यांना ते मातीतूनही देत नाही. भांडी-तांदूळ धुतलेलं पाणीही इथे नको, पिण्याचं पाणी द्या. पाणी मातीत घाला, पानांवर नको.

खाण्याआधी पान-पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवा. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की मावा-अळ्या वर तरंगतात, पण जंतू मरतात असं समजू नका. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर त्यांना कच्चं देताना जास्त जपा.

तोडायचं कधी आणि कसं?

पानं चार-पाच इंचांची झाली की. सुट्या पानांच्या जातीत हा दिवस पेरल्यापासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी येतो, कोवळी पानं महिन्याभरातही घेता येतात. बाहेरची पानं बुंध्याशी खुडा, मधली चार-पाच ठेवा. दर चार-पाच दिवसांनी पुन्हा मिळतात. किंवा मातीपासून दोन बोटं ठेवून सगळं कापा, दोन-तीन आठवड्यांत परत फुटतं, दुसरी खेप थोडी कमी भरते. पहिल्या वर्षी सगळे एक चूक करतात. रोप इतकं देखणं दिसतं की तोडवत नाही, आणि बघता-बघता ते कडू होतं. तोडा.

तोडल्यावर अर्ध्या तासात पान मलूल होतं.

दुपारी तोडलं असेल. सूर्य वर यायच्या आत तोडा आणि लगेच गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. मग पाणी झटकून, कोरड्या सुती पंच्यात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर राहतं. त्याच कप्प्यात सफरचंदं, केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने पानांवर तपकिरी ठिपके पडतात.

दुकानातून आणलेल्या लेट्यूसचा बुडखा पाण्यात ठेवला तर झाड होतं का?

चार-पाच पानं फुटतात, मुलांना दाखवायला छान. मग लगेच दांडा निघतो. पीक म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका.

हायड्रोपोनिक संच घेऊ का?

लेट्यूस त्यात उत्तम येतं. पाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ आणि पाणी २५ अंशांच्या आत ठेवणं जमणार असेल तर घ्या. आपल्या गच्चीवर दुसरी अट जड जाते. एक हिवाळा मातीत घालवून झाडाचा स्वभाव कळला की मग संचावर खर्च करा.

बी घरी धरता येतं का?

येतं. लेट्यूस स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे दोन झाडं ठेवली तरी पुरे. मात्र पाकिटावर एफ-वन संकरित लिहिलेलं असेल तर पुढची पिढी सारखी निघणार नाही. सर्वांत उशिरा दांडा काढणारं झाड बियांसाठी ठेवा. जे पहिल्यांदा फुललं त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तीच घाई पदरी येते. फुलं गळून पांढरे तंतू दिसू लागले की डोकी रोज थोडी-थोडी कागदी पिशवीत झटका. एकदम सगळी पिकत नाहीत आणि वारा त्यांची वाट बघत नाही. सावलीत आठवडाभर वाळवून, घट्ट डबीत, सोबत कोरड्या तांदळाची पुरचुंडी घालून फ्रिजमध्ये ठेवा.

मार्च आला, झाडं संपली. या कुंड्यांत आता काय लावू?

माती मोकळी करा, मूठभर कंपोस्ट घाला आणि तांदुळजा, लाल माठ, अंबाडी लावा. मायाळूचा एक वेल कडेला चढवा. यांना उन्हाची भीती नाही. बियांची डबी फ्रिजच्या दारात दिवाळीपर्यंत राहू द्या, आणि डबीवर वर्ष लिहायला विसरू नका.